छोट्या सिंथला बाहेरचा मिडी कीबोर्ड जोडताना

गणपतीच्या आठवडाभर आधी नाशिकरोडहून एक मुलगा माझ्याकडे आला. काखेत चार सप्तकांचा मिडी कीबोर्ड, सॅकमध्ये तळहाताएवढा सिंथ, म्हणजे स्वतः आवाज तयार करणारा सिंथेसायझर. दोन्हींना यूएसबी-सीचं भोक आणि मध्ये लावायला नवीकोरी केबल.

"काका, सिंथ हेडफोनवर मस्त वाजतो. पण कीबोर्ड जोडला तर त्याचा दिवासुद्धा लागत नाही. केबल बदलून घेऊ का?"

केबल ठणठणीत होती. कीबोर्ड आणि सिंथही ठणठणीत होते. भोकं जुळली म्हणजे जोडणी जुळली असा त्याचा समज होता. यात त्याचा फारसा दोष नाही, यूएसबी-सीने सगळ्यांचाच हा समज करून दिलाय. त्याला जे कागदावर काढून दाखवलं, तेच इथे जरा ऐसपैस लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की करू. मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायची भाषा. मिडी केबलमधून आवाज जात नाही, निरोप जातो. "साठ नंबरची पट्टी नव्वदच्या जोराने दाबली", "साठ नंबरची सोडली", "पेडल खाली", एवढंच. आवाज करायचं काम सिंथचं. कंट्रोलर, म्हणजे असा नुसता निरोप पाठवणारा कीबोर्ड, स्वतः मुका असतो, म्हणून त्याला हेडफोनचं भोक नसतं आणि ते शोधत बसू नये. ही पद्धत १९८३ पासून आहे. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ ही दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांना जोडून वाजवून दाखवली होती. त्या काळातला कीबोर्ड आजच्या सिंथला जोडला तरी निरोप पोहोचतो. भाषा तीच राहिली, रस्ते मात्र चार झाले, आणि सगळा घोळ या रस्त्यांचा आहे.

पहिलं काम: भोकं वाचा

केबल विकत घ्यायच्या आधी दोन्ही यंत्रं उलटी करून मागची बाजू वाचा. चष्मा लागत असेल तर लावा, कारण छपाई बारीक असते. सिंथवर निरोप आत घेणारं भोक हवं आणि कीबोर्डवर निरोप बाहेर सोडणारं. म्हणजे कीबोर्डचं 'मिडी आउट' सिंथच्या 'मिडी इन'ला. आउटला आउट जोडून तासभर डोकं खाजवणारे अनुभवी वादकही मी पाहिलेत, त्यातला एक मी.

पाच पिनांचं गोल भोक म्हणजे जुना, भरवशाचा रस्ता. कॉर्गच्या व्होल्का कीजला हेच भोक आहे, तेही फक्त आत घेणारं. रोलँडच्या बुटीक मालिकेलाही हे आहे. कीबोर्डांमध्ये आर्टुरियाचा कीस्टेप आणि रोलँडचा ए-४९ यांना पाच पिनांचं आउट आहे. अशी जोडी असेल तर तुम्ही सुटलात: एक पाच पिनांची मिडी केबल लावा आणि सरळ चॅनलच्या भागाकडे जा. ही केबल १५ मीटरपर्यंत चालते. यूएसबीची मर्यादा ५ मीटर.

फक्त एक पथ्य पाळा. जुन्या रेडिओ-टेपची पाच पिनांची केबल घरात सापडली म्हणून लावू नका. ती दिसायला हुबेहूब असते, पण आतली तारेची जोडणी ऑडिओसाठी असते आणि मिडीला लागणाऱ्या ४ आणि ५ नंबरच्या पिना बऱ्याचदा मोकळ्याच असतात किंवा उलट-सुलट जोडलेल्या असतात.

३.५ मिलिमीटरचं, हेडफोनसारखं भोक हा दुसरा रस्ता. छोट्या सिंथमध्ये पाच पिनांना जागा नसते म्हणून हा आला. रोलँडच्या एस-१ वर असाच मिडी इन आणि आउट आहे. इथे दोन सापळे आहेत.

पहिला सापळा: त्याच आकाराचं दुसरं भोक 'सिंक'चं असतं. व्होल्कावर ते आहे. त्यातून फक्त तालाचे ठोके जातात, सूर जात नाहीत. मिडीची केबल त्यात लावली तर काही वाजणार नाही.

दुसरा सापळा: या ३.५ मिमी मिडीच्या दोन जाती आहेत, टाइप ए आणि टाइप बी. सुरुवातीला प्रत्येक कंपनीने आपल्या मनाने तारा जोडल्या, आणि २०१८ मध्ये मिडीच्या संघटनेने टाइप ए हे प्रमाण ठरवलं. त्याआधीची काही यंत्रं टाइप बी आहेत. जात चुकली तर सहसा काही जळत नाही, पण काही वाजतही नाही. मग माणूस यंत्राला दोष देतो.

सोल्डरिंग येत असेल तर टाइप ए ची अडॅप्टर केबल घरी होते. ३.५ च्या प्लगचं टोक पाच पिनांच्या ५ नंबरला, मधलं कडं ४ नंबरला आणि बुडखा २ नंबरला. टाइप बी मध्ये टोक आणि कडं यांची अदलाबदल. गोल प्लगवरचे आकडे मात्र ओळीने नसतात: एका टोकापासून १, ४, २, ५, ३ असा क्रम असतो. अगदी मधली पिन २ नंबरची आणि तिच्या दोन शेजारणी ४ आणि ५, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. फक्त कुठली शेजारीण ४ आणि कुठली ५ ते प्लगवर कोरलेलं वाचून घ्या, कारण मागून बघितलं की डावं-उजवं उलटतं. प्लग स्टिरिओच घ्या, म्हणजे त्यावर दोन काळ्या रेघा हव्यात. मोनो प्लगने कडं आणि बुडखा शॉर्ट होतात.

तिसरा रस्ता ब्लूटूथ. घरी, गादीवर बसून सराव करायला छान. मंचावर मी नेत नाही. पाच पिनांच्या केबलमधून एक सूर पोहोचायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो, ब्लूटूथ मिडीला त्याच्या दहापट तरी धरा, आणि गर्दीत शंभर मोबाइल असले की तेही नक्की नाही. कीबोर्ड वायरने जोडून आवाज मात्र ब्लूटूथ स्पीकरवर ऐकायचा, हा प्रकार तर करूच नका. तिथे उशीर एवढा होतो की पट्टी दाबून झाल्यावर सूर मागून येतो आणि तबलजी तुमच्याकडे बघायला लागतो.

चौथा रस्ता यूएसबी. खरी गंमत इथेच आहे.

यूएसबी: घरात कर्ता एकच

यूएसबीच्या जोडणीत दोन बाजू सारख्या नसतात. एक होस्ट, म्हणजे कर्ता: तो वीज देतो, "कोण कोण आलंय?" असं विचारतो आणि निरोपांची ने-आण करतो. दुसरा डिव्हाइस: विचारलं की उत्तर देतो. संगणक होस्ट असतो. तुमचा मिडी कीबोर्ड डिव्हाइस असतो. आणि तुमचा छोटा सिंथसुद्धा बहुतेक वेळा डिव्हाइसच असतो, कारण तो संगणकाला जोडायच्या हिशोबाने बनवलेला असतो. दोन डिव्हाइस एकमेकांना जोडले तर दोघंही समोरचा विचारेल म्हणून वाट बघत बसतात. लग्नात दोन्हीकडचे व्याही "तुम्ही आधी" म्हणत दारातच उभे राहावेत तसं.

पूर्वी हे चुकून होत नसे. संगणकाच्या बाजूचा प्लग चपटा, वाद्याच्या बाजूचा चौकोनी, त्यामुळे दोन वाद्यं थेट जोडणारी केबल सहजी मिळतच नसे. यूएसबी-सी मध्ये दोन्हीकडचं तोंड सारखं झालं आणि केबल कुठेही बसू लागली. त्या मुलाच्या कीबोर्डचा दिवा लागला नाही ही खूण होती: समोर वीज देणारा कर्ताच नव्हता.

म्हणून सिंथच्या यूएसबीजवळ काय लिहिलंय ते नीट वाचा. यामाहावर 'टू होस्ट' असेल तर ते भोक डिव्हाइसचं आहे, त्याला होस्ट लागतो. 'टू डिव्हाइस' असेल तर ते होस्टचं, पण त्यात मिडी कीबोर्ड चालतो की नुसता पेन ड्राइव्ह, ते मॅन्युअलमध्ये बघावं लागतं. रोलँडवर 'कॉम्प्युटर' आणि 'मेमरी' अशी दोन नावं असतात. 'मेमरी'चं चपटं भोक पाहून अनेकांना वाटतं की कीबोर्ड इथे लावायचा. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात दिसणाऱ्या रोलँडच्याच एक्सपीएस-१० वर ही दोन्ही भोकं आहेत आणि त्यातलं 'मेमरी'चं फक्त पेन ड्राइव्हसाठी आहे. काही नवे छोटे सिंथ स्वतः होस्ट होऊ शकतात. मॅन्युअलच्या शेवटी तपशिलाच्या पानावर 'यूएसबी होस्ट' हे शब्द शोधा. सापडले तर एका केबलमध्ये काम झालं.

सापडले नाहीत तर कर्ता बाहेरून आणावा लागतो. तीन पर्याय आहेत.

होस्ट डबी. काड्यापेटीच्या दुप्पट आकाराची डबी, एका बाजूला यूएसबीचं चपटं भोक, दुसऱ्या बाजूला पाच पिनांचं किंवा ३.५ चं मिडी आउट. कीबोर्ड यूएसबीत, आउट सिंथच्या मिडी इनला, डबीला मोबाइलच्या चार्जरची वीज. केंटन, सीएमई, डोरेमिडी अशा कंपन्यांच्या डब्या येतात. मंचासाठी मी हाच पर्याय सुचवतो: पडदा नाही, ॲप नाही, अपडेट नाही. घेताना दोन गोष्टी विचारा. तुमचा कीबोर्ड 'क्लास कम्प्लायंट' आहे का, म्हणजे ड्रायव्हर न टाकता चालतो का? कारण डबीत ड्रायव्हर टाकता येत नाही. अकाईचा एमपीके मिनी, कॉर्गचा नॅनोकी असे नुसते यूएसबीवाले छोटे कीबोर्ड साधारणपणे असे चालतात. मोठ्या वाद्यांपैकी काहींच्या मेनूत यूएसबी ड्रायव्हर 'जेनेरिक' की 'व्हेंडर' अशी निवड असते, तिथे जेनेरिक ठेवा. दुसरा प्रश्न: तुमच्या सिंथला फक्त यूएसबीच असेल तर डबीत दोन यूएसबी डिव्हाइस एकमेकांशी जोडायची सोय आहे का? सगळ्यात नसते.

मोबाइल. अँड्रॉइड ६ पासून फोनला मिडी कळतं. ओटीजीची जोडणी, म्हणजे फोनला होस्ट बनवणारा छोटा अडॅप्टर, एमजी रोडवर मोबाइलच्या कुठल्याही दुकानात मिळते. तिला यूएसबी हब लावा, हबमध्ये कीबोर्ड आणि सिंथ दोन्ही जोडा. आता कर्ता आला, पण त्याला सांगावं लागतं की याचं त्याला पोहोचव. त्यासाठी मिडी राउटिंगचं ॲप लागतं: इनपुट कीबोर्ड, आउटपुट सिंथ. आयफोन-आयपॅडवरही असंच. हब स्वतःच्या विजेवर चालणारा घ्या. फोन दोन वाद्यांना वीज पुरवताना दमतो, कीबोर्डचा दिवा लुकलुकतो किंवा आयपॅड सरळ "जास्त वीज लागते" म्हणून हात वर करतो. आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. भैरवीच्या मध्येच मामांचा फोन आलेला कुणाला नको असतो.

लॅपटॉप. घरी उत्तम, कारण निरोप डोळ्यांनी बघता येतात. मिडी मॉनिटर नावाचे फुकट प्रोग्रॅम मिळतात. पट्टी दाबली की ओळ उमटते: चॅनल, नंबर, जोर. बिघाड शोधताना यासारखं हत्यार नाही. मात्र सिंथला स्वतःच्या पट्ट्या असतील आणि लॅपटॉपमधून निरोप परत सिंथलाच येत असतील तर एकेक सूर दोनदा वाजतो, फ्लँजर इफेक्ट लावल्यासारखा. त्यावेळी सिंथच्या मेनूत 'लोकल', म्हणजे स्वतःच्या पट्ट्यांवर थेट वाजणं, बंद करा.

कपाटावरचा जुना कीबोर्ड

आपल्याकडे कुठल्याही कीबोर्डला 'कॅसिओ' म्हणतात. असा एखादा कॅसिओ किंवा यामाहा बहुतेक घरांत कपाटावर चादरीत गुंडाळलेला असतो. नवा कंट्रोलर घ्यायच्या आधी तो खाली काढा. जुन्या मॉडेलांपैकी बऱ्याच जणांच्या मागे पाच पिनांचं मिडी आउट आहे. ते असेल तर तो उत्तम कंट्रोलर आहे, पट्ट्याही पूर्ण आकाराच्या असतात. त्याचा स्वतःचा आवाज शून्यावर आणा, ताल बंद ठेवा. काही कीबोर्ड ताल चालू असताना बेस आणि कॉर्डचे निरोपही वेगळ्या चॅनलवर पाठवतात आणि सिंथ भलतंच काही वाजवू लागतो. नव्या मॉडेलला फक्त यूएसबी असेल तर वरची होस्ट डबी बहुधा त्यालाही चालते.

वीज: इथे खरंच काहीतरी जळतं

मिडीच्या चुकीने सहसा काही जळत नाही. अडॅप्टरच्या चुकीने जळतं. व्होल्काला ९ व्होल्ट लागतात आणि मधली पिन धन. गिटारच्या पेडलांचे अडॅप्टरही ९ व्होल्टचेच, पण त्यांची मधली पिन ऋण. जुन्या काही कॅसिओंचीही मधली पिन ऋणच. मी एकदा तालमीत शेजारच्या गिटारवाल्याचा अडॅप्टर "नऊचाच तर आहे" म्हणून एका छोट्या सिंथला लावला. बारीक वास आला, मग काहीच आलं नाही. अडॅप्टरवर आणि यंत्रावर एका गोलाची आणि अर्धगोलाची छोटी आकृती असते, कुठे अधिक, कुठे वजा. दोन्ही आकृत्या समोरासमोर धरून जुळवा. व्होल्ट तेच हवेत. अँपिअर अडॅप्टरवर जास्त चालतात, कमी चालत नाहीत.

पॉवर बँकेचीही एक खोड आहे. छोटा सिंथ किंवा होस्ट डबी इतकी कमी वीज खाते की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ती काही मिनिटांनी स्वतःहून बंद पडते. मंचावर नेण्याआधी घरी तासभर चालवून बघा. काहींमध्ये कमी विजेचा वेगळा मोड असतो. तो नसेल तर सिंथसाठी सरळ सेल वापरा. व्होल्काला सहा पेन्सिल सेल लागतात.

आता जोडा

सगळं बंद, स्पीकरचा आवाज शून्य. केबला लावा. आधी सिंथ चालू करा, मग होस्ट डबी, मग कीबोर्ड, सगळ्यात शेवटी स्पीकर. कीबोर्ड चालू करताना पेडलवर पाय ठेवू नका. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडल जसं असेल त्याला 'वर' समजतात, आणि मग तुम्ही पाय उचलला की सूर धरला जातो आणि दाबला की सुटतो. असं झालंच तर पाय काढून कीबोर्ड बंद-चालू करा.

मग चॅनल. मिडीत एका केबलमधून १६ चॅनल जातात. कीबोर्ड ज्या चॅनलवर बोलतो त्याच चॅनलवर सिंथचा कान हवा. दोन्ही १ वर आणा. काही सिंथमध्ये 'ऑम्नी' असतं, म्हणजे सगळी चॅनल ऐकणं. जोडणी तपासायला ते चांगलं, कायमसाठी नाही. मेनू नसलेल्या छोट्या सिंथमध्ये एखादं बटण दाबून ठेवून यंत्र चालू केलं की चॅनल निवडायची सोय येते. कुठलं बटण ते मॅन्युअलमध्ये पाहा, अंदाजाने दाबत बसलात तर कदाचित फॅक्टरी रीसेट कराल. कीबोर्डवरचे रबरी पॅड बहुधा १० नंबरच्या चॅनलवर लावलेले येतात, कारण जनरल मिडी या ठरलेल्या पद्धतीत १० म्हणजे तालवाद्यं. पट्ट्या वाजतात पण पॅड मुके, अशी तक्रार असेल तर कारण जवळजवळ नेहमी हेच.

एक मधली पट्टी दाबा. वाजली? आता बाकीचं जुळवू.

सूर फार खाली किंवा वर येत असेल तर कीबोर्डचं ऑक्टेव्ह बटण बघा. मधला सा, म्हणजे पांढरी एक, मिडीत ६० नंबरचा असतो. त्यालाच यामाहावाले सी-३ म्हणतात आणि रोलँडवाले सी-४. दोन मॅन्युअलं वेगळं बोलत असतील तर घाबरू नका.

ट्रान्सपोज एकाच ठिकाणी करा, कीबोर्डवर तरी किंवा सिंथवर तरी. समजा गायकाची काळी चार आहे आणि तुम्ही पांढरी एकच्या बोटांनी वाजवता. कीबोर्डवर उणे चार केलं, काम झालं. पण सिंथवर गेल्या कार्यक्रमाचं उणे चार शिल्लक असेल तर एकूण उणे आठ होऊन तुम्ही पांढरी तीनमध्ये वाजवाल आणि सगळे गायकाकडे संशयाने बघतील. पट्टी दाबलेली असताना ट्रान्सपोज बदलू नका. दाबताना एका नंबरचा निरोप गेला आणि सोडताना दुसऱ्याच नंबरचा, तर पहिला सूर अडकून राहतो. पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरापेक्षा थोडी चढी-उतरी असेल तर तो बारीक फरक सिंथच्या मास्टर ट्यूनमध्ये काढायचा. कीबोर्डला आवाजच नाही, तो काय जुळवणार?

मींड घ्यायची असेल तर पिच बेंडची मर्यादा सिंथमध्ये वाढवा. कीबोर्डचं चाक फक्त "मी कुठवर फिरलोय" एवढं सांगतं, तेही १६,३८४ पायऱ्यांत. त्याचे किती सूर करायचे हे सिंथ ठरवतो. बहुतेक सिंथमध्ये सुरुवातीला २ अर्धस्वर असतात, म्हणजे सा ते शुद्ध रे. मध्यमापर्यंत ओढायचं तर ५ करा, पंचमापर्यंत ७. बारा केलेत तर पूर्ण सप्तक ओढता येईल, पण मग चाकाला नुसता धक्का लागला तरी सूर हलतो. मी ५ वर ठेवतो.

पेटीवरून आलेल्यांना अजून एक अडचण येते. पेटीला पट्टी किती जोरात दाबली याने काही फरक पडत नाही, आवाज भात्याचा. त्यामुळे आपला हात हलका असतो. मिडी कीबोर्ड तो हलका हात १ ते १२७ मध्ये मोजतो आणि ३०-४० पाठवतो, मग सूर दबलेले येतात. कीबोर्डमध्ये 'व्हेलॉसिटी कर्व्ह' असतो, तो 'सॉफ्ट' किंवा 'लाइट' करा. भजनात सगळे सूर सारखेच हवे असतील तर 'फिक्स्ड' करून १०० च्या आसपास ठेवा. काही छोटे सिंथ हा आकडा वाचतच नाहीत. तिथे किती आपटलं तरी आवाज तोच.

कीबोर्डची गोल बटणं जोडायची तर प्रत्येकाला कंट्रोल नंबर द्यावा लागतो. फिल्टरच्या कटऑफसाठी ७४, रेझोनन्ससाठी ७१, आवाजासाठी ७, मॉड्युलेशनसाठी १, पेडलसाठी ६४ हे नंबर बऱ्याच सिंथमध्ये चालतात. सगळ्यांत नाही. सिंथच्या मॅन्युअलमागे 'मिडी इम्प्लिमेंटेशन' नावाचा कंटाळवाणा तक्ता असतो, तो एकदा वाचून चार नंबर कीबोर्डखाली पट्टीवर लिहून चिकटवा.

सिंथचा अर्पेजिएटर, म्हणजे धरलेले सूर एकामागून एक आपोआप वाजवणारी सोय, सुरूच होत नसेल तर तो बाहेरच्या तालाची वाट बघतोय. क्लॉकचा, म्हणजे तालाच्या ठोक्यांचा, स्रोत 'इंटर्नल' करा. उलट कीबोर्डच्या तालावर सिंथ चालवायचा असेल तर 'एक्स्टर्नल'.

एका सिंथला दोन कीबोर्ड

वाय केबलने होत नाही. एक आउट दोन ठिकाणी न्यायचं असेल तर आलेला निरोप तसाच पुढे सोडणारं 'थ्रू' भोक किंवा थ्रू बॉक्स लागतो आणि दोन आउट एकत्र आणायचे असतील तर मर्जर. दोघांचे निरोप एकाच तारेत कोंबले की अक्षरं एकमेकांवर पडतात आणि सिंथला काहीच वाचता येत नाही. यूएसबी होस्ट डब्यांपैकी काही हब लावू देतात आणि मर्जरचं काम स्वतःच करतात. पट्ट्यांना १ आणि पॅडना २ चॅनल द्या, म्हणजे कोण काय बोललं ते कळतं.

मंडपात

घरी वाजलेलं पंचवटीतल्या मंडपात गुणगुणायला लागतं, आणि ते गाणं नसतं. लॅपटॉप चार्जरवर, सिंथ यूएसबीने लॅपटॉपला आणि सिंथचा आवाज मिक्सरला, असा अर्थिंगचा वेढा पूर्ण झाला की 'गुंऽऽ' आणि त्यावर एक बारीक चिरचिर येते. साउंडवाला म्हणतो, "भाऊ, तुमच्याच लाइनमधून येतंय." खरंच आपल्याच लाइनमधून येत असतं. पाच पिनांच्या मिडीत हे होत नाही, कारण आत घेणाऱ्या बाजूला ऑप्टोकपलर असतो: वीज पलीकडे जात नाही, निरोप प्रकाशाने उडी मारतो. यूएसबीत अशी सोय नसते. म्हणून मंचावर शक्यतो डबीमार्फत पाच पिनांनी किंवा ३.५ ने जोडा, सिंथ सेलवर चालवा आणि मिक्सरला जाताना ग्राउंड लिफ्ट (हा वेढा तोडणारं बटण) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य आणि मिक्सर यांच्यामधली डबी, लावा. गुणगुण थांबवायला कुणी प्लगची अर्थिंगची पिन काढायला सांगितली तर त्याला चहा प्यायला पाठवा. ओल्या मांडवात, जनरेटरवर, ते जिवावर बेततं.

ढोल पथक शेजारून जात असेल तर मंचावरच्या मॉनिटर स्पीकरचं काही खरं नाही, हेडफोन ठेवा. यूएसबीचे प्लग खेचले गेले की सुटतात आणि पाच पिनांचे तसे घट्ट असले तरी पाय अडकला की तेही निघतात, म्हणून दोन्ही केबला स्टँडला चिकटपट्टीने बांधा. पावसाळ्यात पिनांवर हिरवट थर चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि प्लग चार वेळा आत-बाहेर, एवढं पुरतं.

सूर अडकला, थांबतच नाही, अशी वेळ कधीतरी येतेच. सोडल्याचा निरोप वाटेत हरवलेला असतो. कीबोर्डवर 'पॅनिक' किंवा 'ऑल नोट्स ऑफ' असतं, बहुधा दोन बटणं एकदम दाबून. ते कुठे आहे हे कार्यक्रमाच्या आधी माहीत करून घ्या. नसेल तर सिंथचा आवाज उतरवून सिंथ बंद-चालू करा. घाबरून कीबोर्ड बंद केलात तर उपयोग नाही, वाजतोय सिंथ.

काहीच वाजत नसेल तेव्हा मी याच क्रमाने जातो: सिंथ स्वतःच्या पट्ट्यांवर वाजतो का? कीबोर्डचा दिवा लागतो का? आउट इनलाच आहे ना? होस्ट कोण आहे? चॅनल जुळतंय का? ३.५ असेल तर ए की बी? आणि शेवटी केबल. केबल बदलायची घाई सगळ्यात आधी होते, पण माझ्या हातात आलेल्या तक्रारींत खराब केबल क्वचितच निघालीय.

तो मुलगा होस्ट डबी घेऊन गेला. त्याच्या सिंथला ३.५ चं टाइप ए मिडी इन होतं, त्यामुळे डबीच्या आउटमधून एक साधी स्टिरिओ केबल लावून काम झालं. तिसऱ्या दिवशी आरतीच्या आधी त्याचा फोन आला.

"काका, पट्ट्या झकास वाजतायत. पॅड मात्र गप्प आहेत."

"कुठल्या चॅनलवर आहेत?"

पलीकडे थोडा वेळ नुसत्या झांजा ऐकू आल्या. "दहा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.